अपस्मारविरोधी औषधे घरी घेताना: मात्रा, चुका आणि दुष्परिणाम यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपस्माराचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे नातेवाईक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत, त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी वेगळी सूचना लिहून दिली असेल तर तीच प्रमाण मानावी. झटका आत्ता सुरू असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवून थेट प्रश्न १२ पाहावा.

१. या औषधांनी आजार मुळापासून बरा होतो का?

नाही. मेंदूतील पेशींची अतिरिक्त उत्तेजना आवरून धरणे आणि झटका येऊ न देणे एवढेच या औषधांचे काम आहे, आणि रक्तात पुरेशी पातळी टिकून असेपर्यंतच ती ते करतात. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी थांबतात, पुष्कळदा एकाच औषधाने थांबतात. मात्र झटके थांबले याचा अर्थ औषधाची गरज संपली असा होत नाही. घरच्या घरी होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हाच गैरसमज असतो. बरे वाटते म्हणून गोळी कमी केली जाते, त्रास वाटतो म्हणून अर्धी केली जाते, आणि डॉक्टरांना यातले काहीच सांगितले जात नाही.

२. गोळी अगदी घड्याळाच्या ठोक्याला घ्यावी लागते का?

तासभर मागेपुढे झाल्याने सहसा बिघडत नाही. प्रत्येक औषध शरीरातून बाहेर पडण्याचा वेग वेगळा असतो. निरोगी प्रौढ व्यक्तीत लेव्हेटिरासेटामची रक्तातील पातळी साधारण ६ ते ८ तासांत निम्म्यावर येते, तर फेनोबार्बिटोनला त्यासाठी सुमारे ४ दिवस लागतात. म्हणूनच पहिले औषध बहुधा दिवसातून दोनदा आणि दुसरे एकदाच दिले जाते. ‘दिवसातून दोनदा’ म्हणजे साधारण १२ तासांच्या अंतराने. सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच असे घेतले तर दोन मात्रा झाल्या खऱ्या, पण पुढचे १७ तास रक्तातील पातळी उतरत राहते, आणि ज्यांना पहाटे झटके येतात त्यांना नेमके तेच महागात पडते.

३. एक गोळी घ्यायची राहून गेली. आता काय करावे?

औषध दिवसातून दोनदा असेल आणि नेमून दिलेल्या वेळेपासून साधारण ६ तासांच्या आत आठवण झाली, तर राहिलेली गोळी लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. औषध दिवसातून एकदाच असेल तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यावे. भरपाई म्हणून दोन मात्रा एकत्र घेऊ नयेत. कार्बामाझेपिनसारख्या औषधाची दुप्पट मात्रा एकदम पोटात गेली की पुढचे काही तास डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, तोल जाणे आणि मळमळणे हे ठरलेलेच.

हा नियम एका चुकलेल्या मात्रेपुरता आहे. लागोपाठ दोन किंवा अधिक मात्रा राहिल्या असतील तर डॉक्टरांना फोन करावा, आणि त्या दिवशी एकट्याने पोहणे, उंचावर चढणे, वाहन चालवणे टाळावे. लॅमोट्रिजिनची गोष्ट आणखी वेगळी आहे. हे औषध पाचेक दिवस बंद राहिले असेल तर पूर्वीची पूर्ण मात्रा एकदम सुरू करता येत नाही. पुन्हा अगदी कमी मात्रेपासून पायरीपायरीने चढावे लागते, कारण वेगाने वाढवल्यास गंभीर पुरळ येण्याचा धोका वाढतो (प्रश्न ९ पाहावा). सोबत व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर ही मुदतही बदलते, म्हणून दिवस स्वतः मोजून निर्णय घेऊ नये.

४. गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही. पुन्हा घ्यावी का?

अंदाजाने पुन्हा घेऊ नये. आधी पाकिटातील गोळ्या मोजाव्यात आणि घरातल्यांना विचारावे. एवढे करूनही उलगडा झाला नाही तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. हा प्रश्न महिन्यातून एकदा जरी पडत असेल तरी वारांप्रमाणे कप्पे असलेली गोळ्यांची डबी घ्यावी. सकाळचा कप्पा रिकामा दिसला की वाद मिटतो. अपस्मारात विसरणे हा हलगर्जीपणा असतोच असे नाही. आजारामुळे आणि काही औषधांमुळेही स्मरणशक्तीवर परिणाम होतो, त्यामुळे रुग्णाला बोल लावण्यापेक्षा डबी भरण्याचे काम घरातल्या एकाने स्वतःकडे घ्यावे.

५. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?

उलटीत गोळी अखंड दिसली किंवा गोळी घेऊन १५ ते ३० मिनिटेच झाली असतील, तर तीच मात्रा सहसा पुन्हा घ्यावी लागते. तासाहून अधिक वेळ गेला असेल तर बहुतांश औषध पोटातून पुढे सरकलेले असते, त्यामुळे पुन्हा घेण्याची गरज बहुधा नसते. मधल्या वेळेसाठी मात्र सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही, तेथे डॉक्टरांनाच विचारावे. उलट्या-जुलाब दिवसभर चालूच राहिले आणि तोंडाने काही ठरतच नसेल तर रुग्णालयात जावे. लेव्हेटिरासेटाम, व्हॅल्प्रोएट, लॅकोसामाइड, फेनिटॉइन अशी बरीच औषधे तेथे शिरेतून देता येतात.

६. चुकून दोनदा गोळी घेतली गेली. घाबरण्यासारखे आहे का?

एखाद्या वेळी नेहमीची मात्रा दोनदा घेतली गेली तर बहुधा झोप, चक्कर, मळमळ किंवा तोल जाणे एवढ्यावर भागते. तरीही डॉक्टरांना कळवावे, पुढची मात्रा केव्हा घ्यायची ते विचारावे आणि काही तास रुग्णाला एकटे सोडू नये. घरातल्या लहान मुलाने दुसऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या असतील, नेमका आकडा माहीत नसेल, किंवा कोणी जाणूनबुजून जास्त गोळ्या घेतल्या असतील, तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पाकीट सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. लांबवर परिणाम करणाऱ्या गोळ्यांचे विष उशिरा चढते, त्यामुळे पहिले काही तास रुग्ण ठणठणीत दिसला तरी विसंबून राहू नये. घरी उलटी करवू नये. झटका किंवा गुंगी आली तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

७. मुलाला पातळ औषध देतो. चमच्याने मोजले तर चालते का?

चालत नाही. घरातल्या चमच्यांची मापे सारखी नसतात, म्हणून मापाची सिरिंज वापरावी. पण खरी गल्लत चमच्यापेक्षा ‘मिलिलिटर’ आणि ‘मिलिग्रॅम’ यांत होते. लेव्हेटिरासेटामच्या नेहमीच्या पातळ औषधात १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर व्हॅल्प्रोएटच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम. सिरिंज दोन्ही वेळा अडीचच्या रेघेपर्यंत भरली, तरी एकात २५० मिलिग्रॅम जाते आणि दुसऱ्यात १००. फेनिटॉइनचे पातळ औषध तर ५ मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत बनते. दोन्ही बाटल्या सारख्या दिसल्या तरी फरक चौपटीहून जास्त आहे. म्हणून ‘अर्धा चमचा’ किंवा ‘अडीच’ असे न म्हणता ‘इतके मिलिलिटर, म्हणजे इतके मिलिग्रॅम’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि नवी बाटली आणली की लेबलावरील ताकद जुन्या बाटलीशी ताडून पाहावी.

बाटली हलवण्याचेही कारण आहे. फेनिटॉइनच्या पातळ औषधात औषधाचे कण तरंगत असतात आणि बाटली ठेवून दिली की ते खाली बसतात. न हलवता दिले तर वरची निम्मी बाटली फिकी पडते आणि झटके येतात. तळाशी पोहोचल्यावर तीच रेघ भरूनही मूल पेंगू लागते, चालताना झोकांड्या खाते. पालकांना वाटते की औषध अचानक बाधले, वास्तविक ते तळाशी साचलेले असते.

मुलाचे वजन वाढले की जुनी मात्रा तोकडी पडते, म्हणून प्रत्येक भेटीच्या वेळी ताजे वजन सांगावे.

८. गोळी मोडून, कुटून किंवा पाण्यात विरघळवून देता येईल का?

नावापुढे ‘सीआर’, ‘एक्सआर’, ‘ईआर’ किंवा ‘क्रोनो’ असे काही लिहिलेले असेल तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. काही गोळ्यांवर मधोमध खाच असते, त्या तेथे मोडता येतात, पण चावता येत नाहीत. साध्या गोळ्यांपैकी काही कुटून देता येतात. लेव्हेटिरासेटामची साधी गोळी कुटता येते, पण ती इतकी कडू लागते की मूल दुसऱ्या वेळी तोंडच उघडत नाही. त्यापेक्षा पातळ औषध मागून घेणे बरे.

साठवणीबाबत एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट जागी, उदाहरणार्थ न्हाणीघरातल्या कपाटात, ठेवल्या तर त्या कडक होतात, नीट विरघळत नाहीत आणि त्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. त्या कोरड्या जागी, मूळ वेष्टनातच ठेवाव्यात.

९. औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ आले. थांबून पाहावे का?

थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यांच्या बाबतीत पहिल्या दोन महिन्यांत आलेले कोणतेही पुरळ गंभीरपणे घ्यावे लागते. पुष्कळदा ते साधेच निघते, पण कोणते साधे आणि कोणते नाही हे घरी ओळखता येत नाही. ताप, तोंडात किंवा ओठांवर फोड, डोळे लाल होणे, कातडी दुखरी होणे किंवा सोलवटणे, चेहरा वा गळ्यातील गाठी सुजणे यांपैकी काहीही सोबत असेल तर थेट रुग्णालयात जावे. त्वचा आणि श्लेष्मल आवरण (तोंड, डोळे यांचे आतील ओलसर अस्तर) झडून जाणारा स्टीव्हन्स-जॉन्सन विकार असाच सुरू होतो.

एचएलए-बी*१५०२ या जनुकप्रकाराच्या व्यक्तींमध्ये कार्बामाझेपिनमुळे हा विकार होण्याचा धोका बराच जास्त असतो. हा प्रकार आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये अशा रुग्णांची औषध सुरू करण्यापूर्वी तपासणी करण्याची शिफारस केली. तपासणी निर्दोष आली तरी पुरळाकडे डोळेझाक करण्याचा परवाना मिळत नाही. एरवी निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटाम आणि क्लोबाझाम यांच्याबाबतही २०२३ मध्ये ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी आणि अवयवांना इजा अशा दुर्मीळ पण जीवघेण्या प्रतिक्रियेचा इशारा देण्यात आला आहे.

एका औषधाने पुरळ आले असेल तर त्याचे नाव कायम जवळ बाळगावे. फेनिटॉइन न मानवलेल्या व्यक्तीला कार्बामाझेपिनही न मानवण्याची शक्यता असते.

१०. झोप, चक्कर, अंधुक दिसणे यांचा त्रास होतो. किती दिवस सहन करावे?

सुरुवातीच्या किंवा मात्रा वाढवल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत झोप आणि जडपणा येणे नेहमीचे आहे, आणि बहुतेकांमध्ये तो ओसरतो. त्यानंतरही राहिला तर ‘सवय होईल’ म्हणून महिनोन्महिने काढण्याचे कारण नाही. सहन करणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही, आणि कंटाळून एके दिवशी गोळीच बंद करण्यापेक्षा तक्रार करणे कितीतरी सुरक्षित असते.

तक्रार करताना घड्याळ सोबत ठेवावे. गोळी किती वाजता घेतली, त्रास किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला, हे आठवडाभर लिहावे. सकाळी आठला गोळी, साडेनऊला दोन-दोन दिसणे, बाराला सर्व ठीक, असे रोजचे चित्र असेल तर औषध रक्तात शिगेला पोहोचते त्या वेळचा हा त्रास आहे. मात्रा तीन वेळांत विभागून, हळूहळू परिणाम करणारी गोळी देऊन किंवा सकाळची थोडी कमी व रात्रीची जास्त करून डॉक्टर तो घालवू शकतात. त्रास दिवसभर सारखाच असेल तर एकूण मात्राच जास्त असण्याची शक्यता असते. नुसते ‘गोळी सोसत नाही’ म्हटले तर डॉक्टरांच्या हाती यांपैकी काहीच लागत नाही.

काही त्रास औषधागणिक ठरलेले आहेत. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द आठवत नाहीत, मूतखडे होऊ शकतात आणि घाम कमी येतो, त्यामुळे उन्हात मुलांचे अंग तापते. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, आणि दात नीट घासण्याने ती सूज बरीच आटोक्यात राहते. कार्बामाझेपिन आणि त्याहून अधिक ऑक्सकार्बाझेपिनमुळे रक्तातील सोडियम उतरते. वयस्कर व्यक्तीला नव्याने डोकेदुखी, गोंधळ किंवा मळमळ सुरू झाली तर त्याची तपासणी करून घ्यावी.

११. पुरळाव्यतिरिक्त कोणती लक्षणे दिसली की वाट पाहू नये?

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या व्यक्तीस सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, डोळे पिवळे होणे, भूक मेलेली आणि वाढत जाणारी गुंगी, तसेच पूर्वी ताब्यात असलेले झटके या लक्षणांसोबत अचानक वाढणे हे यकृत, स्वादुपिंड किंवा रक्तातील अमोनियाशी संबंधित असू शकते. यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत आणि दोन वर्षांखालील मुलांत सर्वाधिक असतो. टोपिरामेट सुरू केल्यानंतर पहिल्या महिन्यात डोळा दुखून दृष्टी एकाएकी अंधुक झाली तर तो काचबिंदूचा तीव्र प्रकार असू शकतो, त्यासाठी तासांत उपचार लागतात. कार्बामाझेपिन घेताना घसा दुखणे आणि ताप, किंवा कोणतेही कारण नसता अंगावर निळे डाग पडणे, यासाठी रक्तपेशींची तपासणी लागते.

मनःस्थितीही याच यादीत येते. लेव्हेटिरासेटाम, पेरॅम्पॅनेल आणि काही प्रमाणात टोपिरामेट यांमुळे चिडचिड, आक्रस्ताळेपणा किंवा खिन्नता येते. रुग्णाला स्वतःला ती जाणवत नाही, घरच्यांना जाणवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या संपूर्ण औषधवर्गासाठी आत्महत्येच्या विचारांबाबत इशारा दिला होता. चाचण्यांमध्ये प्रत्यक्षातील आकडे लहान होते, अंदाजे ५०० रुग्णांमागे एखादा जास्तीचा, पण नव्याने सुरू झालेल्या निराशेच्या बोलण्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये. औषध स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

१२. झटका आला तर घरी काय द्यावे? किती वेळ थांबावे?

पहिली गोष्ट, घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्यात. तोंडात बोट, चमचा, पाणी किंवा रोजची गोळी घालू नये आणि हातपाय दाबून धरू नयेत. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटे झाली तरी थांबला नाही तर तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून तेथे उपचाराची रेषा आखलेली आहे.

डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, गालात सोडायचे मिडाझोलाम किंवा गुदमार्गे द्यायचे डायझेपाम लिहून दिले असेल तर ते या वेळी द्यावे. फवाऱ्याच्या एका दाबात किती औषध येते हे उत्पादनानुसार वेगळे असते, त्यामुळे ‘प्रत्येक नाकपुडीत इतके दाब’ असे त्या विशिष्ट बाटलीसाठी लिहून घ्यावे, आणि बाटली बदलली की पुन्हा विचारावे. दुसरी मात्रा लिखित सूचना असेल तरच द्यावी, कारण या औषधांनी श्वास मंदावतो. औषध दिल्यावर छातीची हालचाल आणि ओठांचा रंग पाहत राहावे.

औषध जवळ नसेल, देऊनही झटका थांबला नसेल, शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा झटका आला, आयुष्यातला हा पहिलाच झटका असेल, रुग्ण गरोदर असेल, पाण्यात झटका आला असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी.

१३. फेनिटॉइनची मात्रा थोडीशीच वाढवली, तरी इतका त्रास का झाला?

कारण हे औषध सरळ हिशेबाने वागत नाही. ते मोडणारी यकृतातील यंत्रणा नेहमीच्या उपचारपातळीलाच जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू असते. त्यापुढे जे वाढवाल ते साचत जाते. रोजचे ३०० मिलिग्रॅम ४०० केले तर रक्तातील पातळी एक तृतीयांशाने न वाढता दुपटीच्याही पुढे जाऊ शकते, आणि ती स्थिरावायला आठवडे लागतात. म्हणून त्रास मात्रा वाढवल्याच्या दिवशी नव्हे, दहा-पंधरा दिवसांनी दिसू लागतो आणि त्याचा संबंध कोणी गोळीशी लावत नाही. आधी बुबुळे आडवी थरथरतात, मग चाल डळमळते, जीभ जड होते, शेवटी गुंगी येते. पातळी फारच चढली तर उलट झटकेच वाढतात, आणि घरचे लोक आणखी एक गोळी देतात. फेनिटॉइनच्या बाबतीत अर्ध्या गोळीचाही बदल स्वतः करू नये.

१४. औषधविक्रेत्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. चालेल का?

औषधावर अवलंबून आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये केलेली वर्गवारी येथे उपयोगी पडते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन यांची कंपनी बदलू नये. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट, क्लोबाझाम यांबाबत रुग्णाची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरवावे. लेव्हेटिरासेटाम आणि लॅकोसामाइड यांत सहसा अडचण नसते.

ही काळजी नुसती शंकेपोटी नाही. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरण म्हणून वापरले जाणारे कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज वापरण्यात आले. औषध तेवढेच, मात्रा तीच, पण ते अधिक शोषले गेले आणि अनेक रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसली. कंपनी बदलल्याशिवाय इलाज नसेल तर तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना कळवावे. एकही मात्रा चुकवण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची गोळी घेणे केव्हाही बरे.

१५. सर्दी-ताप, अंगदुखी किंवा जंतुसंसर्गासाठी दुसरी औषधे घेता येतील का?

तापासाठी पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत घेता येते. बाकीच्या प्रत्येक औषधाच्या वेळी अपस्माराची गोळी चालू आहे हे सांगावे, कारण अडचणी दोन बाजूंनी येतात. ट्रामाडॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, बुप्रोपिऑन आणि गुंगी आणणारी काही जुनी सर्दीची औषधे झटक्याची शक्यता थेट वाढवतात. दुसरी बाजू पातळीची. एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन यांनी कार्बामाझेपिनची पातळी काही दिवसांतच विषारी होऊ शकते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडने फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन चढतात, तर रिफाम्पिसिनने अनेक औषधांची पातळी उतरते. मेरोपेनेमसारखी प्रतिजैविके व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत एकदम खाली आणतात, आणि मात्रा वाढवूनही ती सावरत नाही. जडीबुटीच्या औषधांत काय आहे हे लेबलावर नसेल तर ती टाळणेच योग्य.

१६. रक्तातील पातळीची तपासणी केव्हा करावी? आकडा कमी आला तर मात्रा वाढवावी का?

सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. गोळी घेऊन दोन तासांनी दिलेल्या रक्तातला आकडा फुगलेला येतो. मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये फेनिटॉइनसाठी १० ते २०, कार्बामाझेपिनसाठी ४ ते १२ आणि व्हॅल्प्रोएटसाठी ५० ते १०० ही साधारण कक्षा मानतात. पण झटके नाहीत आणि त्रासही नाही अशा रुग्णाची पातळी कक्षेपेक्षा थोडी कमी असली तरी मात्रा वाढवण्याचे कारण नसते. रक्तातील अल्ब्युमिन (फेनिटॉइन ज्याला चिकटून राहते ते प्रथिन) कमी असेल तर फेनिटॉइनचा आकडा फसवा कमी दिसतो, कारण परिणाम करणारा मोकळा अंश त्यात वेगळा मोजला जात नाही. कागदावरचा बाण पाहून घरी मात्रा बदलू नये.

१७. गर्भधारणेचा विचार आहे. औषधे बंद करावीत का?

बंद करू नयेत, पण गर्भ राहण्याच्या बरेच आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे कळेपर्यंत ती वेळ जवळपास निघून गेलेली असते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० बाळांत बौद्धिक वा वर्तनविषयक विकासाच्या अडचणी आढळतात. म्हणून शक्य तेथे ते आधीच बदलले जाते. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम तुलनेने सुरक्षित मानली जातात. फोलिक आम्ल आधीपासून सुरू करावे लागते, मात्रा डॉक्टर ठरवतात. व्हॅल्प्रोएटवर असताना गर्भ राहिल्याचे कळले तरी गोळी एकाएकी सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मोठा झटका आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरतो.

गरोदरपणात लॅमोट्रिजिनची पातळी बरीच उतरते, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते, आणि बाळंतपणानंतर ती लवकरच पुन्हा कमी करावी लागते. हे दुसरे पाऊल विसरले गेले तर आईला घरी चक्कर आणि दुहेरी दिसणे सुरू होते.

गर्भनिरोधक गोळ्यांचा संबंध दुहेरी आहे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांमुळे गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ ठरू शकते, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळीमुळे लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास निम्मी होते. तांबी या दोन्ही अडचणींतून मोकळी आहे.

१८. दोन वर्षे झटका नाही. आता औषध थांबवता येईल का?

चर्चा करता येईल. ब्रिटनमधील १९९१ च्या एका मोठ्या अभ्यासात किमान दोन वर्षे झटकामुक्त असलेल्या रुग्णांपैकी औषध हळूहळू बंद केलेल्यांत पुढील दोन वर्षांत ४१ टक्क्यांना, तर औषध चालू ठेवलेल्यांत २२ टक्क्यांना पुन्हा झटका आला. म्हणजे बंद केल्यावरही निम्म्याहून अधिक जण ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही काहींना झटका आलाच. आपण कोणत्या गटात बसतो हे अपस्माराचा प्रकार, मेंदूचा आलेख आणि पूर्वीचा इतिहास यांवर ठरते. वाहन चालवून पोट भरणाऱ्याला एक झटकाही परवडत नाही, हाही विचार त्यात येतो. निर्णय झाला तरी मात्रा आठवडे-महिने घेऊन उतरवतात. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम आणि फेनोबार्बिटोन यांसाठी तर आणखी सावकाश, कारण ती एकदम थांबवल्याने न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात.

१९. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहायला सांगितले आहे. सकाळची गोळी सोडावी का?

सहसा सोडायची नसते. घोटभर पाण्याबरोबर घेण्याची परवानगी भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा देतात, पण ती आदल्या दिवशीच विचारून घ्यावी, आणि शस्त्रक्रियेनंतर तोंडाने घेणे लांबणार असेल तर शिरेतून काय दिले जाणार हेही तेव्हाच विचारावे.

२०. रुग्णाला नाकातील नळीने अन्न दिले जाते. औषधही त्यातूनच देता येईल का?

बहुतेक पातळ औषधे देता येतात, पण फेनिटॉइन नळीतील अन्नाबरोबर नीट शोषले जात नाही. म्हणून त्याच्या आधी आणि नंतर साधारण दोन तास अन्न थांबवण्यास सांगतात, आणि औषधापूर्वी व नंतर नळीतून पाणी सोडून ती स्वच्छ करतात. नळी पुढे कधी काढली गेली आणि रुग्ण तोंडाने जेवू लागला तर तीच मात्रा अचानक जास्त ठरू शकते. अशा वेळी प्रश्न १३ मधील लक्षणांवर नजर ठेवावी आणि पातळीची तपासणी करून घ्यावी.